एक देश, दोन सीमा: पोलंडच्या जनमताचा अभ्यास (२०२१ ते २०२५)

२०२१ च्या शरद ऋतूत बेलारूस आणि पोलंडच्या सीमेवरच्या जंगलात इराक, सीरिया, येमेन, अफगाणिस्तान इथून आलेली हजारो माणसे अडकली होती. त्यांना पोलंडमध्ये आश्रयासाठी अर्ज करू द्यावा का, असे सीबीओएस या जनमत संस्थेने विचारले. निम्म्याहून थोडे अधिक लोक 'नको' म्हणाले आणि सुमारे एक तृतीयांश 'हो'. त्यानंतर काही महिन्यांतच, मार्च २०२२ मध्ये, युक्रेनमधून येणाऱ्या निर्वासितांबद्दल त्याच संस्थेने विचारले, तेव्हा ९४ टक्के लोकांनी त्यांना आश्रय द्यावा असे सांगितले. देश तोच, सरकारही तेच. दोन्ही सीमांमधले अंतर मोटारीने काही तासांचे.

या फरकाचे कारण विचारले की वर्ण आणि धर्म हे उत्तर पटकन येते. त्यात मोठे तथ्य आहे आणि ते नाकारण्याचा माझा अजिबात हेतू नाही. पण तिथेच थांबले तर आणखी एका आकड्याचा अर्थ लागत नाही. मे २०१५ मध्ये याच सीबीओएसला सुमारे ७२ टक्के लोकांनी सांगितले होते की युद्धग्रस्त देशांतून आलेल्या निर्वासितांना पोलंडने कायमचा किंवा निदान तात्पुरता आसरा द्यावा. वर्षभरात बहुमत विरोधात गेले. मधल्या काळात पोलिश समाजाचा ना वर्ण बदलला, ना धर्म. बदलला तो प्रचार. ऑक्टोबर २०१५ च्या निवडणुकीआधी 'कायदा आणि न्याय' पक्षाचे नेते यारोस्लाव काचिन्स्की यांनी जाहीर सभेत स्थलांतरितांमुळे परजीवी जंतू आणि रोग येतील अशी भीती घातली. तो पक्ष निवडून आला आणि निर्वासितांचा प्रश्न तेव्हापासून पोलंडच्या घराघरात राजकीय प्रश्न झाला.

म्हणून हे प्रकरण तपासताना मी एकच धागा धरला आहे: लोकांना काय दिसू दिले गेले आणि मदत करणाऱ्याच्या बाजूने कायदा उभा होता की विरोधात.

मिन्स्कला उतरणारी विमाने

संकटाची सुरुवात जंगलात झाली नाही, विमानतळावर झाली. २३ मे २०२१ रोजी अथेन्सहून विल्नियसला निघालेले रायनएअरचे विमान बेलारूसने आपल्या राजधानीत, मिन्स्कला, उतरवले आणि त्यातल्या रोमान प्रोतासेविच या विरोधी पत्रकाराला अटक केली. युरोपीय संघाने निर्बंध कडक केले. बेलारूसचे राष्ट्राध्यक्ष अलेक्झांडर लुकाशेन्को यांनी लगेच बजावले की आजवर अमली पदार्थ आणि स्थलांतरित आम्ही अडवत होतो, आता ते तुमचे तुम्ही पाहा. त्यानंतर मध्यपूर्वेतून मिन्स्कला येणाऱ्यांची संख्या वाढत गेली. पर्यटक व्हिसा, हॉटेल, तिथून सीमेपर्यंतचा प्रवास असे सगळे विकत मिळू लागले. लोक घरे-गाड्या विकून, कर्ज काढून पैसे भरत होते. जर्मनीपर्यंतचा सोपा, सुरक्षित रस्ता असे त्यांना सांगितले जात होते.

पहिला तडाखा लिथुआनियाला बसला. आदल्या वर्षी त्या सीमेवरून बेकायदा आलेल्यांची संख्या शंभरही नव्हती, २०२१ मध्ये ती चार हजारांवर गेली. ऑगस्टच्या सुरुवातीला लिथुआनियाने माणसांना परत लोटायला सुरुवात केली आणि लोंढा पोलंडकडे वळला. पोलंडच्या सीमा रक्षक दलाने त्या वर्षी सीमा ओलांडण्याचे सुमारे ४० हजार प्रयत्न नोंदवले. हा प्रयत्नांचा आकडा आहे, माणसांचा नाही. एकच कुटुंब पाच-सहा वेळा परत लोटले गेले तर नोंदी पाच-सहा होतात. टीव्हीवर मात्र तो 'चाळीस हजार घुसखोर' असाच ऐकू येत असे.

लुकाशेन्को यांनी माणसांचा शस्त्रासारखा वापर केला हे खरे आहे. बेलारूसचे सैनिक त्यांना तारा कापून देत होते, मागे फिरू पाहणाऱ्यांना मारहाण करून पुन्हा पुढे ढकलत होते. पोलिश सरकारने याला 'संकरित हल्ला' (सैन्याऐवजी इतर साधनांनी केलेला हल्ला) म्हटले आणि ते चूक नव्हते. प्रश्न पुढचा आहे. हल्ला करणारा लुकाशेन्को, पण गारठून मरणारा माणूस कोण? शत्रू की शत्रूने फसवलेला? सरकारने हा प्रश्न मांडूच दिला नाही. त्याची सोय कशी केली गेली ते पाहण्यासारखे आहे.

१८३ गावे आणि एकही पत्रकार नाही

ऑगस्ट २०२१ मध्ये उस्नाश गुर्नी या खेड्याजवळ ३२ अफगाणांचा गट दोन देशांच्या सैनिकांच्या मध्ये अडकला. काबूल तालिबानच्या हाती नुकतेच पडले होते, त्यामुळे जगाचे लक्ष होते. कॅमेरे, वकील, दुभाषे तिथे पोहोचले. विरोधी पक्षाचा एक खासदार औषधांची पिशवी घेऊन रक्षकांना चुकवत त्यांच्याकडे धावला आणि पकडला गेला. ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. काहींनी त्याची टिंगल केली, काहींना रडू आले. २५ ऑगस्टला युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने पोलंडला सांगितले की या लोकांना अन्न, पाणी, कपडे, औषधोपचार आणि शक्य असेल तर तात्पुरता निवारा द्या. लोक तेव्हा विभागलेले होते, पण निदान बघत होते.

२ सप्टेंबरला सरकारने सीमेलगतच्या पट्ट्यात आणीबाणी लावली. पोदलास्की आणि लुब्लिन प्रांतांतली मिळून १८३ गावे तिच्यात आली. बाहेरच्या कोणालाही आत प्रवेश नाही, मग तो पत्रकार असो, डॉक्टर असो की मदत संस्था. घटनेनुसार आणीबाणीची मुदत डिसेंबरच्या सुरुवातीला संपली, तर कायद्यात दुरुस्ती करून हीच बंदी जून २०२२ अखेरपर्यंत चालू ठेवली गेली. युरोपीय संघाच्या सीमा संस्थेचे, फ्रॉन्टेक्सचे, मुख्यालय वॉर्सातच आहे. तिचे कर्मचारीही पोलिश सरकारने या सीमेवर मागवले नाहीत.

माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत परिणामकारक गोष्ट ही बंदीच होती, पुढे बांधलेली भिंत नव्हे. २७ सप्टेंबरला गृहमंत्री मारिउश कामिन्स्की आणि संरक्षणमंत्री मारिउश ब्वाश्चाक यांनी पत्रकार परिषद घेतली आणि स्थलांतरितांच्या फोनमध्ये सापडलेली म्हणून काही चित्रे पडद्यावर दाखवली. त्यांत जनावराबरोबरच्या लैंगिक कृत्याचे एक दृश्य होते. सरकारी वाहिनीनेही ते दाखवले. ते दृश्य इंटरनेटवर वर्षानुवर्षे फिरणाऱ्या एका जुन्या अश्लील चित्रफितीतले होते, असे इतर माध्यमांनी लवकरच दाखवून दिले. पण तोवर व्हायचे ते नुकसान झाले होते. सीमेवरचा खरा माणूस कोणाला दिसत नव्हता आणि त्याच्या जागी हे चित्र बसवले गेले होते.

त्याच सुमारास मिहावोवो गावातल्या सीमा चौकीसमोर काही कुटुंबे लहान मुलांसह बसलेली पत्रकारांना दिसली. गाव बंदीच्या पट्ट्याबाहेर होते म्हणूनच दिसली. त्या मुलांना परत जंगलाच्या दिशेने नेण्यात आले. 'मुले कुठे आहेत?' असे फलक घेऊन शहराशहरांत लोक उभे राहिले. ऑक्टोबरमध्ये मिहावोवोतच मातांचा मोर्चा निघाला आणि त्यात माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीही आल्या. दिसलेल्या एका प्रसंगाने जे केले ते न दिसलेल्या शेकडो प्रसंगांना करता आले नाही. १४ ऑक्टोबरला सेयमने, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, सीमा ओलांडून आलेल्याला तिथूनच परत पाठवण्याला कायद्याचा आधार दिला.

नोव्हेंबरमध्ये कुझ्नित्सा नाक्याजवळ हजारो लोक तारेच्या कुंपणाला भिडले आणि पोलिश बाजूने पाण्याचे फवारे, अश्रुधूर सुटला. ही दृश्ये जगाने मुख्यतः बेलारूसच्या बाजूने पाहिली, कारण परदेशी वाहिन्यांना मिन्स्कने आत घेतले होते आणि वॉर्साने बाहेर ठेवले होते. ज्या हुकूमशहाच्या प्रचाराशी लढतो आहोत असे सरकार म्हणत होते, त्याच्याच हाती या सरकारने कॅमेरा दिला. पोलिश जनमतावर याचा परिणाम काय झाला? लोकांनी दगड फेकणारा जमाव पाहिला, समोर आपले तरुण सैनिक पाहिले आणि ते सैनिकांच्या पाठीशी उभे राहिले. ते स्वाभाविक होते. जंगलात एकेकटी मरणारी माणसे त्या चौकटीत नव्हती. सप्टेंबरच्या एकाच दिवशी पोलिश बाजूला तीन मृतदेह सापडले होते आणि पुढे तो आकडा वाढत गेला.

हिरवे दिवे

सीमेलगतच्या लोकांचे मत देशाच्या सरासरीत विरघळून जाते, म्हणून त्याच्याकडे वेगळे पाहायला हवे. पोदलास्की हा प्रांत मतदानात 'कायदा आणि न्याय' पक्षाचा बालेकिल्ला. पण त्याच्या पूर्वेच्या गावांत ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, बेलारूसी बोली बोलणारे लोक राहतात आणि तातार मुसलमानांची दोन-तीन जुनी गावे आहेत. सरकारचा मतदार, सैनिकाला घरी बोलावून चहा देणारा शेजारी आणि रात्री जंगलात सूप घेऊन जाणारा माणूस हे तिघेही एकाच गल्लीत, कधी एकाच घरात होते.

तिथल्याच एका वकिलाने खिडकीत हिरवा दिवा लावायची कल्पना मांडली. दिव्याचा अर्थ ठरलेला: इथे खायला, गरम कपडे आणि फोन चार्ज करायला मिळेल. आम्ही लपवणार नाही, पुढे नेऊन सोडणार नाही, कायदा मोडणार नाही. किती विचारपूर्वक आखलेली मर्यादा आहे ही! तरीही अनेकांनी दिवा लावला नाही आणि मदत मात्र केली, कारण दिवा पोलिसांना दिसतो तसा शेजाऱ्यालाही दिसतो. 'ग्रुपा ग्रानित्सा' या नावाने एकत्र आलेल्या संस्था आणि गावकरी रात्री फोनवर आलेल्या ठिकाणाच्या खुणेवरून जंगलात जात. पाठीवर थर्मास, कोरडे मोजे, बूट, झोपण्याच्या पिशव्या. ब्याउओव्येझाच्या आदिम अरण्यात, जिथे लोक एरवी गवे बघायला जातात, तिथे ही माणसे दलदलीत कंबरेपर्यंत भिजलेली सापडत.

बोहोनिकी या तातार गावाने जे केले त्याला माझ्या मनात फार वरचे स्थान आहे. बुग नदीत बुडालेल्या एका १९ वर्षांच्या सीरियन तरुणाचा दफनविधी तिथल्या मुस्लिम कब्रस्तानात नोव्हेंबरमध्ये झाला. पुढे आणखी कबरी वाढल्या. त्याच गावातल्या बायका सीमेवरच्या सैनिकांसाठीही सूप शिजवत होत्या. वॉर्सातल्या वादविवादात या दोन गोष्टी परस्परविरोधी ठरल्या होत्या: सैनिकाच्या बाजूचे की स्थलांतरिताच्या? बोहोनिकीत कोणाला असा पर्याय निवडावासा वाटला नाही. जनमत चाचणीत या गावाचे उत्तर कोणत्या रकान्यात टाकणार?

मेडिका आणि हाइनूवका, मार्च २०२२

२४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. पोलंड-युक्रेन सीमेवरचा मेडिका नाका आणि जवळच्या प्शेमिश्ल स्टेशनवर पहिल्याच आठवड्यात लाखो माणसे उतरली, बहुतेक बायका आणि मुले. पोलिश लोक मोटारी घेऊन सीमेवर गेले, 'तीन जणांना क्राकूवपर्यंत नेऊ' असे पुठ्ठे हातात धरून उभे राहिले. रेल्वेने तिकिटे माफ केली. १२ मार्चला विशेष कायदा आला: राहण्याचा, काम करण्याचा अधिकार, ओळख क्रमांक, शाळा, दवाखाना. घरात आसरा देणाऱ्याला माणशी दिवसाला ४० झ्वॉटी (पोलिश चलन). युक्रेनमध्ये शिकणारे आपले विद्यार्थीही याच नाक्यांवरून बाहेर पडले आणि झेशूवहून विमानाने घरी आले. महाराष्ट्रातल्या अनेक कुटुंबांनी मेडिकाचे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

त्याच मार्च महिन्यात, बेलारूस सीमेलगतच्या हाइनूवका गावाजवळच्या जंगलात सात मुले असलेल्या एका इराकी कुटुंबाला आणि एका इजिप्शियन माणसाला अन्न, कपडे देऊन मोटारीने हलवणाऱ्या स्वयंसेवकांना अटक झाली. पाच जणांवर खटला भरला गेला. मेडिकाला मोटारीत माणसे बसवणारा नायक होता आणि हाइनूवकाला तेच करणारा आरोपी.

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचे मर्म इथे आहे. मेडिकाला राज्यसंस्था म्हणत होती: मदत करा, आम्ही पैसे देतो, कागद देतो. हाइनूवकाला तीच राज्यसंस्था म्हणत होती: मदत केलीत तर तुरुंग. सामान्य माणूस रोजच्या कामातून वेळ काढून घटनापीठासारखा विचार करत बसत नाही. दुसऱ्याचे दुःख डोळ्यांना दिसले, मदतीची वाट मोकळी असली, शेजारी तेच करत असला, तर तो पुढे येतो. ९४ टक्के हा आकडा पोलिश माणसाच्या चांगुलपणाचा आहेच, तो त्या मोकळ्या वाटेचाही आहे.

आपल्याकडे ही गोष्ट जाणणारे लोक आहेत. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. स्टालिनने घरांतून उचलून सायबेरिया आणि मध्य आशियात फेकलेली, इराणमार्गे आलेली ही माणसे, मुख्यतः स्त्रिया आणि मुले. त्यांची शाळा, चर्च, दुकाने तिथे होती आणि ते गेल्यावर त्याच जागी फाळणीतून आलेले सिंधी निर्वासित वसले, आजचे गांधीनगर. कोल्हापूरकरांशी त्यांचा ना वर्ण जुळत होता, ना धर्म, ना भाषा. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे, म्हणजे पोलिश समाज हे विसरलेला नाही. पण आठवण असणे आणि ती मत ठरवताना वापरात येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. २०२१ मध्ये ती वापरात आली नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुढे युक्रेनियनांबद्दलचा जिव्हाळाही ओसरला. धान्य आयातीवरून शेतकरी रस्त्यावर आले, मुलांच्या भत्त्यावरून कुरबुर सुरू झाली आणि २०२४ च्या अखेरीस त्यांना आसरा देण्याच्या बाजूने निम्म्याच्या थोडे वर लोक उरले. गोरे आणि ख्रिस्ती असल्यानेच पाठिंबा होता असे मानले, तर ही घसरण समजत नाही.

भिंत, सार्वमत आणि नवे सरकार

सीमेवर १८६ किलोमीटर लांब, साडेपाच मीटर उंच पोलादी भिंत जून २०२२ मध्ये पूर्ण झाली. ब्याउओव्येझाचे अरण्य तिने मधोमध कापले. ओलांडण्याचे प्रयत्न २०२२ मध्ये कमी झाले, नंतर पुन्हा वाढून २०२४ मध्ये तीस हजारांच्या आसपास गेले.

सप्टेंबर २०२३ मध्ये पोलिश दिग्दर्शिका आग्नियेश्का होलंड यांचा याच सीमेवरचा 'ग्रीन बॉर्डर' हा चित्रपट आला, व्हेनिसच्या महोत्सवात विशेष ज्युरी पारितोषिक मिळवून. न्यायमंत्र्यांनी त्याची तुलना नाझी प्रचारपटांशी केली आणि चित्रपटाआधी सरकारी बाजू सांगणारी फीत दाखवावी असा आग्रह गृहखात्याने धरला. बंद पट्ट्यातले जे टीव्हीवर आले नाही ते लोक तिकीट काढून बघू लागले, याचा तो संताप होता. त्याच महिन्यात व्हिसा घोटाळाही गाजत होता: मध्यस्थांमार्फत पोलिश व्हिसा विकले गेल्याचे आरोप झाले आणि चित्रपट निर्मितीचे पथक म्हणून भारतीयांना व्हिसा दिल्याच्या बातम्यांत मुंबईच्या वकिलातीचे नाव आले. स्थलांतराविरुद्ध सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्या सरकारच्या काळातच, २०२१ मध्ये, पोलंडने युरोपीय संघात सर्वाधिक पहिले निवास परवाने दिले होते. कारखान्यांना माणसे हवी होती.

१५ ऑक्टोबर २०२३ ला निवडणुकीबरोबर सार्वमतही घेतले. एक प्रश्न बेलारूसच्या सीमेवरची भिंत काढून टाकण्याबद्दल, दुसरा युरोपीय नोकरशाहीने लादलेल्या सक्तीच्या वाटपानुसार मध्यपूर्व आणि आफ्रिकेतले हजारो बेकायदा स्थलांतरित घेण्याबद्दल. उत्तर प्रश्नातच शिवलेले होते. निवडणुकीला सुमारे ७४ टक्के मतदान झाले, सार्वमताला सुमारे ४१ टक्केच, म्हणजे निम्म्याहून कमी, त्यामुळे ते बंधनकारक ठरले नाही. लाखो मतदारांनी केंद्रात जाऊन सार्वमताची पत्रिका घ्यायलाच नकार दिला. जनमताचा हाही एक आकडा आहे आणि मला तो या काळातला सर्वांत प्रामाणिक वाटतो. प्रश्नच अमान्य आहे, हे लोकांनी सांगितले.

ज्यांनी हिरवे दिवे लावले होते त्यांना या निवडणुकीनंतर आलेल्या डोनाल्ड टस्क यांच्या सरकारकडून आशा होती. ती टिकली नाही. २८ मे २०२४ ला दुबिचे गावाजवळ कुंपणातून खुपसलेल्या सुऱ्याने २१ वर्षांचा एक सैनिक जखमी झाला आणि ६ जूनला दगावला. देश हळहळला, हळहळायलाच हवे होते. त्याच आठवड्यात, इशाऱ्याचे बार काढणाऱ्या सैनिकांना बेड्या घातल्याची बातमी आली आणि संताप उसळला. १३ जूनला बंदीचा पट्टा परत आला, या वेळी आकाराने लहान. त्यानंतर सैनिकांना शस्त्र वापरण्यात अधिक संरक्षण देणारा कायदा झाला. ऑक्टोबरमध्ये टस्क यांनी आश्रयाचा अधिकार तात्पुरता स्थगित करण्याची घोषणा केली आणि मार्च २०२५ पासून बेलारूसच्या सीमेवर तो स्थगित आहे. पालकांविना आलेली मुले, गरोदर स्त्रिया, आजारी अशा काहींना सूट आहे. सूट कोणाला लागू पडते ते जंगलात, रात्री, सीमा रक्षक ठरवतो.

याला उदारमतवाद्यांचा विश्वासघात म्हणणारे आहेत. मला ते अपुरे वाटते. आठ-नऊ वर्षे लोकांसमोर एकच भाषा ठेवली गेली आणि नव्या सरकारने दुसरी भाषा शोधायचा धोका पत्करला नाही. सीमा राखणे आणि सापडलेल्या माणसाचा अर्ज ऐकून घेणे ही दोन्ही कामे एकच राज्यसंस्था करू शकते. अर्ज नामंजूर करायचा अधिकार तिच्याकडे असतोच. ही साधी मांडणी मुख्य प्रवाहातल्या कोणत्याही मोठ्या नेत्याने लोकांपुढे नेटाने नेली नाही, म्हणून ती लोकांना पटली असती की नाही, हे चाचण्यांतून कळण्याचा मार्गच नव्हता.

८ सप्टेंबर २०२५ ला न्यायालयाने हाइनूवकाच्या पाचही जणांना निर्दोष ठरवले. उपाशी, भिजलेल्या कुटुंबाला मदत करणे म्हणजे गैरफायदा मिळवून देणे, हा सरकारी वकिलांचा युक्तिवाद टिकला नाही. दुसऱ्या रात्री रशियन ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरले, दोन दिवसांनी रशिया-बेलारूसच्या युद्धसरावामुळे बेलारूसची सीमा काही काळ पूर्ण बंद झाली आणि बातम्यांत त्या निकालाला फारशी जागा उरली नाही. आश्रय अर्जांवरची स्थगिती साठ-साठ दिवसांनी सेयमपुढे मुदतवाढीसाठी येते आणि दर वेळी सत्ताधारी आणि प्रमुख विरोधक मिळून ती मंजूर करतात.